वकिलाविना दाद : ग्राहक मंचाची वाटचाल

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जो मंच नेमायला सांगितला, त्यात तीन माणसे बसायची होती. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश होण्याच्या योग्यतेचा. दुसरा सदस्य शिक्षण, व्यापार किंवा वाणिज्य क्षेत्रातला नामवंत. तिसरी जागा मात्र कायद्याच्या मूळ मसुद्यात थेट एका समाजकार्यकर्त्या स्त्रीसाठी राखलेली होती. तिने कायद्याची पदवी घेतलेली असावी अशी अट नव्हती. तिघांत मतभेद झाला तर बहुमताचा निर्णय खरा, म्हणजे दोन सदस्य एकत्र आले तर अध्यक्षांच्या मताविरुद्धही निकाल लागू शकत होता.

ही रचना विचारपूर्वक केलेली होती असे मी मानतो. मिक्सर तीनदा दुरुस्त होऊन आला तरी चालू केला की जळका वास सुटतो, ही तक्रार खरी की कांगावा, हे रोज मिक्सर वापरणाऱ्या बाईला पटकन कळते. कायदा करणाऱ्यांना दिवाणी कोर्टाची आणखी एक शाखा काढायची नव्हती. फसलेला माणूस हातात पावती घेऊन स्वतः येईल, आपल्या भाषेत आपले म्हणणे सांगेल आणि तीन महिन्यांत त्याला उत्तर मिळेल, अशी जागा त्यांना हवी होती. त्या हेतूतले किती टिकले आणि किती झिजले, याच दृष्टीने मला या संस्थेच्या वाटचालीकडे पाहावेसे वाटते.

सदोष मालाविरुद्धचा हक्क १९८६ साली नव्याने जन्माला आला, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १६ मध्ये तो होताच. वस्तू कशासाठी हवी हे गिऱ्हाइकाने सांगितले असेल आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली असेल, तर ती त्या कामाला योग्य असणे ही विक्रीची गर्भित अट आहे, असे ते कलम सांगते. म्हणजे शिवणयंत्राने शिवले पाहिजे आणि पंपाने पाणी ओढले पाहिजे, हे स्वातंत्र्याच्या आधीपासून कायद्याला मान्य होते. अडचण वाटेची होती. तीन हजारांच्या वस्तूसाठी दिवाणी दावा लावायचा तर कोर्ट फी, वकिलाची फी आणि हातची कामे सोडून वर्षानुवर्षे घातलेल्या खेपा. दावा जिंकूनही माणूस तोट्यातच जाणार. त्यामुळे बिलबुकावर खाली छापलेले ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्यच प्रत्यक्षात देशाचा कायदा होऊन बसले होते.

ही कोंडी फोडायला मुंबई-पुण्यातल्या लोकांनी फार आधी सुरुवात केली होती. १९६६ साली नऊ स्त्रियांनी मुंबईत ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. आझाद मैदानाच्या कडेला, कामा हॉस्पिटलसमोरच्या तिच्या छोट्या कचेरीतून तक्रारींचा पाठपुरावा होत असे. संस्थेने पुढे १९७७ साली वस्तू तपासण्यासाठी स्वतःची प्रयोगशाळाही उभारली. वस्तू वाईट आहे असे नुसते म्हणून भागत नाही, ती कुठे आणि किती वाईट आहे हे मोजून दाखवावे लागते, हे या बायकांनी ओळखले होते. १९७२ च्या सुमारास महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली लाटणी घेऊन रस्ता गाजवला. तो लढा भावाचा आणि टंचाईचा होता, पण घर चालवणारी बाई सरकारला जाब विचारू शकते, हे त्या मोर्च्यांनी शहरभर दाखवून दिले.

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि तिच्या उभारणीत संगीतकार सुधीर फडके यांचा मोठा वाटा होता. पंचायतीची पद्धत अशी की शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याच्या सामानाची मागणी एकत्र नोंदवायची, घाऊक बाजारातून माल आणायचा आणि आपसात वाटून घ्यायचा. या कामातून ग्राहक एकटा राहत नाही हे तर साधलेच. शिवाय डाळ, तेल, साबण यांचे वजन आणि प्रत स्वतः पारखणारी, हिशेब ठेवणारी हजारो घरे तयार झाली. कायदा आला तेव्हा तो वापरू शकणारी माणसे महाराष्ट्रात होती, याचे श्रेय मी या संघांना देतो.

एप्रिल १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे मंजूर केली. पुढच्या वर्षी संसदेने कायदा केला आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून आपण पाळतो तो हाच दिवस. १९८७ मध्ये कायदा दोन टप्प्यांत अमलात आला. १९८८ मध्ये राष्ट्रीय आयोग स्थापन झाला आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. बालकृष्ण एराडी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. जिल्ह्यांतले मंच मात्र कागदावरच रेंगाळले. जागा नाही, माणसे नाहीत, पैसा नाही, अशी राज्याराज्यांची उत्तरे होती. शेवटी एच. डी. शौरी यांच्या ‘कॉमन कॉज’ या संस्थेला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि न्यायालयाने राज्यांना धारेवर धरल्यावरच जिल्ह्याजिल्ह्यांतले मंच उभे राहू लागले. संसदेने दिलेला मंच मिळवण्यासाठीही कोर्टाची पायरी चढावी लागली, हे या संस्थेच्या जन्मकथेतले दुखरे प्रकरण आहे.

सुरुवातीला जिल्हा मंचाची मर्यादा एक लाख रुपयांची होती आणि तक्रारीला एक पैसाही फी नव्हती. साध्या कागदावर अर्ज, सोबत पावती, वॉरंटी कार्ड, दुरुस्तीची जॉबकार्डे आणि पाठवलेल्या पत्रांच्या पोचपावत्या एवढ्यावर काम सुरू होई. तक्रार खरी ठरली तर मंच काय काय करू शकतो याची यादी कायद्यातच होती. दोष दूर करून द्या, नवी निर्दोष वस्तू द्या, किंमत परत करा, झालेल्या नुकसानीची भरपाई द्या. महाराष्ट्रात असंख्य आदेश मराठीत लिहिले गेले, आणि तक्रारदाराला आपल्याच प्रकरणाचा निकाल स्वतः वाचता आला. एवढ्या साध्या गोष्टीसाठी दिवाणी कोर्टात किती पिढ्या ताटकळल्या होत्या!

या कायद्यातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे कलम मात्र दुसरेच आहे. वस्तू तपासल्याशिवाय दोष ठरवता येणार नसेल, तर मंचाने तक्रारदाराकडून नमुना घ्यावा, तो सीलबंद करावा आणि योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावा. प्रयोगशाळेने अहवाल पंचेचाळीस दिवसांत द्यावा. अहवालावर दोन्ही बाजूंना हरकत घेण्याची संधी मिळावी. १९८६ च्या कायद्याच्या कलम १३ मध्ये ही तरतूद होती, २०१९ च्या नव्या कायद्यात ती कलम ३८ मध्ये आहे. तिचा अर्थ असा की पंखा का घरघरतो, बॅटरी का फुगते, रंग का उडतो, हे ग्राहकाला शास्त्रीय भाषेत सांगता आले नाही तरी त्याची तक्रार मरत नाही. त्याने बिघाड दाखवायचा, कारण शोधणे तपासणाऱ्याचे काम. आझाद मैदानाच्या कडेला बसून त्या बायकांनी जे ओळखले होते, तेच इथे कायद्याच्या भाषेत आले.

तरतुदीत एक खोट राहून गेली. तपासणीची फी आधी तक्रारदाराने भरायची. चार हजारांच्या वस्तूसाठी तपासणीलाच तेवढे लागणार असतील, तर माणूस तिथेच थांबतो. योग्य प्रयोगशाळा जिल्ह्यात नसणे ही दुसरी अडचण. त्यामुळे प्रत्यक्षात बरीच प्रकरणे जॉबकार्डांवर लढली गेली. वॉरंटीच्या काळात तोच बिघाड पुन्हा पुन्हा दुरुस्तीला आला असेल, तर दोष मुळातच आहे, असे मंचांनी अनेकदा मानले. म्हणूनच दुरुस्तीला दिलेल्या प्रत्येक वेळचा कागद मागून घ्यावा, त्यावर बिघाड काय ते नीट लिहवून घ्यावे, हे तक्रार मार्गदर्शन केंद्रांत येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते. सर्व्हिस सेंटरवाला ‘चेक केले, ओके’ एवढेच लिहून कागद हातात ठेवतो, आणि तेच पुढे विरुद्ध पक्षाच्या कैफियतीत पहिल्या परिच्छेदात येते.

प्रयोगशाळेच्या या कलमाची खरी कसोटी शेतात लागली. १९९३ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले होते की माणसाने स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल, तर तो व्यापारी हेतू धरायचा नाही. शिंपी, रिक्षावाला, छोटा कारागीर यांना त्यामुळे दार उघडले. शेतकरी तर बियाण्याचा ग्राहक होताच. पण बियाणे उगवले नाही की कंपन्यांचा बचाव ठरलेला असे. कायदा सांगतो की नमुना तपासा. तुम्ही नमुना आणलेला नाही. मग बियाणे सदोष होते हे सिद्ध कसे होणार? शेतकऱ्याने पिशवीतला प्रत्येक दाणा जमिनीत टाकलेला असतो. पेरणीची वेळ गाठायची असते, पाऊस थांबत नाही, आणि मुळात कोण शेतकरी पेरताना कोर्टासाठी चार मुठी बाजूला ठेवतो?

१९९८ साली महाराष्ट्रातल्याच एका बियाणे कंपनीच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव नाकारला. आंध्रातल्या शेतकऱ्यांच्या सूर्यफुलाच्या बियाण्याचे ते प्रकरण होते. बियाणे सगळे पेरून झाले असताना शेतकऱ्याकडून नमुन्याची अपेक्षा धरता येत नाही, कंपनीला तपासणी हवी होती तर तिनेच तसा अर्ज करायला हवा होता, असे न्यायालयाने सांगितले. २०१२ साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात हाच विचार आणखी ठाम झाला. बियाणे कायदा वेगळा असला तरी शेतकऱ्याला ग्राहक मंचाकडे येता येते, कृषी अधिकाऱ्यांची शेतावरची पाहणी हा पुरावा धरता येतो, आणि नमुना जपून ठेवण्याची अपेक्षा बियाणे विकणाऱ्याकडूनच करायला हवी, हे त्यातून पक्के झाले. मला हा या चार दशकांतला सर्वांत मोठा पल्ला वाटतो. सिद्ध करण्याचा भार रिकाम्या हाताच्या माणसाकडून गोदामे असलेल्या पक्षाकडे सरकला.

महाराष्ट्रात या निकालांची किंमत २०२० च्या खरिपात कळली. मराठवाडा आणि विदर्भात सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचा पूर आला, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. अशा वेळी तालुका पातळीवरच्या तक्रार निवारण समितीने शेतावर येऊन केलेला पंचनामा हाच शेतकऱ्याचा सीलबंद नमुना ठरतो. त्यासाठी तक्रार लेखी आणि लगेच करावी लागते, दुबार पेरणीच्या आधी. पिशवी, तिच्यावरचे लेबल, लॉट नंबर आणि पक्की पावती जपावी लागते. कच्च्या चिठ्ठीवर बियाणे घेणाऱ्याला हे सगळे निकाल असूनही हात हलवत परतावे लागते, आणि उधारीवर घेणाऱ्याला दुकानदार पक्की पावती देत नाही. नव्या कायद्याने पावती न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उभ्या असलेल्या, दुकानदाराचे जुने देणे असलेल्या माणसाला ते कलम उच्चारता येते का, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

दरम्यान मंचाचे कोर्टात रूपांतर होत चालले होते. मर्यादा वाढत गेल्या, १९९३ मध्ये पाच लाख, २००३ मध्ये वीस लाख. मोठी रक्कम आली की मोठे वकील आले आणि त्यांच्याबरोबर मुदतीचे अर्जही आले. २००२ च्या दुरुस्तीने तक्रारीला फी लावली. रक्कम किरकोळ होती, पण दाराला कडी लागली ती लागलीच. वकील नसलेल्या प्रतिनिधीने तक्रारदारातर्फे उभे राहावे की नाही, हाही वाद पेटला. चळवळीतले कार्यकर्ते कित्येक वर्षे विनामोबदला हे काम करत होते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवून अधिकृत प्रतिनिधींचा हक्क मान्य केला. हा निकाल उलटा लागला असता, तर मंच आणि दिवाणी कोर्ट यांत फरक तो काय उरला असता?

निकालांतही ग्राहकाच्या वाट्याला नेहमी सगळे आले असे नाही. २००६ साली एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याची हमी असेल, तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. २०२१ चे गोव्याचे प्रकरण तर विक्रेता आणि उत्पादक यांच्या फटीत ग्राहक कसा सापडतो याचा नमुनाच आहे. २०११ मध्ये नवी म्हणून विकलेली गाडी प्रत्यक्षात २००९ ची आणि आधीच सहाशेहून अधिक किलोमीटर पळालेली निघाली. राष्ट्रीय आयोगापर्यंत ग्राहक जिंकत आला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र उत्पादकाला मोकळे केले, कारण विक्रेत्याने केलेली लबाडी कंपनीला ठाऊक होती असे सिद्ध झाले नव्हते. कायद्याच्या अंगाने त्या निर्णयात तर्क आहे. पण कंपनीच्या नावाची पाटी पाहून शोरूममध्ये शिरणाऱ्या ग्राहकाला कंपनी आणि विक्रेता यांच्यातला आतला करार कसा ठाऊक असणार?

२०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि मंचांचे आयोग झाले. त्यातल्या तीन गोष्टी मला मनापासून मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे तक्रार आता ग्राहक राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते. गडचिरोलीच्या मुलीने ऑनलाइन मागवलेला फोन बंद पडला, तर तिला कंपनीच्या पत्त्यामागे बंगळुरूला धावायला नको. दुसरी, उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण. सदोष वस्तूने इजा किंवा नुकसान झाले तर उत्पादक, विक्रेता, सेवा देणारा या प्रत्येकाची जबाबदारी तिथे वेगवेगळी मांडली आहे. तिसरी, बिलात परतीची मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे न देणे ही अनुचित प्रथा ठरली. बिलबुकाच्या तळाशी छापलेल्या त्या जुन्या ओळीला संसदेने इतक्या थेट शब्दांत प्रथमच उत्तर दिले. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या तक्रारींना फी नाही आणि तक्रार घरबसल्या संगणकावरून दाखल होते. हरलेल्या कंपनीला अपील करायचे तर आदेशाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. पूर्वी पंचवीस हजारांत काम भागत असे.

याच कायद्याने आलेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आपले बळ दाखवले ते प्रेशर कुकरच्या प्रकरणात. २०२१ पासून घरगुती कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले होते, तरी मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर चिन्हाविना कुकर विकले जात होते. २०२२ मध्ये प्राधिकरणाने अशा दोन बाजारपेठांना प्रत्येकी एक लाख रुपये दंड केला. ज्यांनी हे कुकर घेतले त्या प्रत्येकाला कळवून कुकर परत घ्यावा आणि पैसे द्यावेत असा आदेशही दिला. एकेका ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता धोक्याचा माल घराघरांतून परत आणण्याची ही पद्धत आपल्याकडे नवी आहे, आणि ती रुजायला हवी.

आयोगांची घरची स्थिती मात्र चिंतेची आहे. कायदा म्हणतो तीन महिने, तपासणी लागली तर पाच. या मुदती पाळल्या जात नाहीत हे आयोगाच्या बाकावर तारखेची वाट पाहणाऱ्या कुणालाही विचारावे. अध्यक्ष निवृत्त होतो, नवा येईपर्यंत खुर्ची रिकामी राहते, आणि गणपूर्ती नाही म्हणून रोजनाम्यात पुढची तारीख पडते. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने रिक्त जागांची स्वतःहून दखल घेतली. सरकारला हे आयोग नकोच असतील तर कायदाच रद्द करावा, इथवर न्यायालयाचा संताप गेला. २०२३ मध्ये, नागपूर खंडपीठातून वर गेलेल्या प्रकरणात, नेमणुकांसाठी लेखी परीक्षा आणि मुलाखत यांचे निकष न्यायालयानेच घालून दिले. जिल्ह्यातले दार उघडायला १९९०च्या आसपास जे करावे लागले, तेच ते उघडे ठेवायला तीस वर्षांनी पुन्हा करावे लागले.

आज तक्रारींत येणाऱ्या वस्तू बदलल्या आहेत. विजेवर चालणारी स्कूटर भर रस्त्यात बंद पडते, फोन अद्ययावत केल्यावर तापू लागतो, टीव्ही कंपनीच्या सर्व्हरशी बोलल्याशिवाय सुरू होत नाही. अशा वस्तूचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवला, तरी बिघाडाच्या क्षणी बॅटरीचे तापमान किती होते, कोणता आदेश गेला होता, याची नोंद वस्तूत सापडेलच असे नाही. ती कंपनीजवळ असते. ग्राहकाने बियाणे पेरून टाकलेल्या शेतकऱ्यासारखे रिकाम्या हाताने उभे राहायचे का? १९९८ आणि २०१२ च्या निकालांनी त्या शेतकऱ्याला जे दिले, ते स्कूटरवाल्यालाही मिळाले पाहिजे. बिघाडाच्या नोंदी कंपनीने पहिल्याच तारखेला आयोगापुढे ठेवाव्यात, आणि न ठेवल्यास दोष मान्य आहे असे धरावे. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. कागदपत्रे हजर करवून घेण्याचा अधिकार आयोगाला १९८६ पासून आहे.